शेजारचा पडका वाडा: तक्रार कुठे करायची, कशी करायची आणि नोटिशीनंतर काय

आमच्या घराला लागून एक वाडा होता. दगडी जोतं, वर विटांच्या आणि पांढऱ्या मातीच्या भिंती, सागवानी तुळया. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात एका पहाटे त्याच्या बोळाकडच्या भिंतीचा चारेक फुटांचा तुकडा खाली आला. एरवी सकाळी सात वाजता त्याच जागी मुलं शाळेच्या रिक्षाची वाट बघत उभी असतात. त्या दिवशी रविवार होता, म्हणून कुणाला खरचटलंही नाही.

तिथून तो वाडा रीतसर रिकामा होऊन उतरवला जाईपर्यंत अकरा महिने गेले. त्यातले चार महिने निव्वळ वाया गेले, कारण कोणता कागद कुणाकडे द्यायचा हेच मला माहीत नव्हतं. तुमचे ते चार महिने वाचावेत म्हणून हे सगळं क्रमाने लिहिते आहे.

एक आधीच सांगते. पुढची कलमं महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ मधली आहेत. पुणे, नाशिक, ठाणे, सोलापूर, कोल्हापूर अशा शहरांना तो लागू आहे. मुंबईला १८८८चा स्वतंत्र कायदा आहे आणि तिथे धोकादायक इमारतीची नोटीस कलम ३५४ खाली निघते. त्यातही दक्षिण आणि मध्य मुंबईतल्या जुन्या उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठीचा उपकर भरणाऱ्या, इमारतींचं काम म्हाडाच्या दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाकडे असतं. नगरपरिषदेच्या गावांना १९६५चा कायदा आहे. कलमांचे आकडे बदलतात, कागदांचा क्रम साधारण हाच राहतो.

१. दुखणं नेमकं कोणतं ते ठरवा

‘पडकी जागा’ म्हणून आपण सगळं एकत्र बोलतो, पण महापालिकेत त्याचे वेगवेगळे विभाग होतात. भिंत, छप्पर, जिना कोसळण्याची भीती असेल तर बांधकाम विभाग. मोकळ्या प्लॉटवर कचरा आणि राडारोडा साचला असेल तर घनकचरा विभाग. बंद घराच्या टाकीत, हौदात पाणी साचून डास होत असतील तर आरोग्य खात्याचा कीटकनाशक किंवा मलेरिया विभाग. एकाच अर्जात तिन्ही गोष्टी लिहिल्या की अर्ज ‘संबंधित विभागाकडे’ फिरत राहतो. माझा पहिला अर्ज तसाच फिरला. तीन तक्रारी असतील तर तीन अर्ज करा.

धोका ओळखायच्या खुणा बाहेरूनही दिसतात. भिंतीला पोट आलेलं असतं, म्हणजे मधला भाग बाहेर फुगलेला असतो. तडा तिरपा असतो आणि वर रुंद होत जातो. भिंतीतून पिंपळ किंवा उंबर उगवलेला असतो. छपराची कौलं सरकून पावसाचं पाणी थेट भिंतीच्या डोक्यावर पडत असतं. मातीच्या भिंतीला हे शेवटचं फार वाईट. वरून पाणी मुरलं की माती आतून मऊ होते आणि बाहेरचा गिलावा मात्र शाबूत दिसतो. आमची भिंत पडली तेव्हा पाऊस थांबून दोन दिवस झाले होते. म्हणून पाऊस उघडला की धोका गेला असं समजू नका.

२. मिळकतीची ओळख पटवा

‘मारुतीच्या देवळामागचा वाडा’ हा पत्ता आपल्याला पुरतो, कार्यालयाला पुरत नाही. तिथे सिटी सर्व्हे नंबर लागतो, म्हणजे सि. स. नं. आणि जमल्यास मिळकतकराचा क्रमांक. सोपा मार्ग म्हणजे तुमच्या स्वतःच्या घराचं मालमत्ता पत्रक, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड, काढा. शेजारच्या वाड्याचा नंबर बहुधा त्याच्या जवळपासचाच असतो. नगर भूमापन कार्यालयात नकाशा बघून तो पक्का करता येतो. नंबर कळला की महाभूलेख या शासनाच्या भूमी अभिलेखांच्या संकेतस्थळावरून त्या वाड्याचंही मालमत्ता पत्रक मिळतं.

इथे एक खाच आहे. पत्रकावरची नावं बघून हबकून जाऊ नका. आमच्या शेजारच्या पत्रकावर चार नावं होती आणि त्यातली तीन माणसं केव्हाच वारलेली. खरे वारस सात निघाले, वेगवेगळ्या गावांत. ‘मालकच सापडत नाही’ हे उत्तर तुम्हाला नक्की ऐकायला मिळेल. पण कलम २६४ची नोटीस, म्हणजे दुरुस्ती करा, टेकू द्या किंवा पाडा अशी नोटीस, मालकाला किंवा जागेचा भोगवटा (प्रत्यक्ष वापर) असणाऱ्याला, कुणालाही देता येते. वारसांचा दावा कोर्टात चालू आहे म्हणून धोकादायक भिंतीकडे बघायचंच नाही, असं त्या कलमात कुठेही नाही. हे वाक्य मला तीनदा शांतपणे म्हणावं लागलं.

३. पुरावा गोळा करा, पण आत जाऊ नका

फोटो रस्त्यावरून किंवा स्वतःच्या गच्चीतून काढा. एक फोटो लांबून, ज्यात वाडा आणि बोळ दोन्ही येतील, आणि दोन-तीन जवळून. फोटोच्या मागे तारीख लिहा. भिंत सामायिक असेल तर तुमच्या बाजूच्या तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने रेघ मारून शेजारी तारीख टाका. महिन्याने तडा रेघेच्या पुढे गेला असेल तर तो पुन्हा मोजा. आमच्या स्वयंपाकघरातला तडा सहा आठवड्यांत दीड इंच पुढे सरकला होता. पाहणीला आलेल्या कनिष्ठ अभियंत्याने सगळ्यात जास्त वेळ त्या दोन रेघांसमोरच काढला.

आत मात्र जाऊ नका, दार उघडं असलं तरी. मजल्याची फळी कुठे कुजली आहे ते वरून कळत नाही. शिवाय दुसऱ्याच्या मिळकतीत शिरल्याचा आरोप तक्रारदारावरच येतो.

४. लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या

मोबाइल ॲपवरची तक्रार जरूर करा, टोकन क्रमांक जपून ठेवा. पण तेवढ्यावर थांबू नका, कारण पुढच्या प्रत्येक टप्प्यावर तुम्हाला शिक्का मारलेला कागद विचारतात. अर्ज तुमच्या क्षेत्रीय कार्यालयाच्या किंवा प्रभाग कार्यालयाच्या सहायक आयुक्तांच्या नावे लिहा आणि एक प्रत बांधकाम विभागाला द्या. दोन्ही ठिकाणी आवक क्रमांक आणि तारखेसह पोच घ्या. टपाल घेणारी व्यक्ती ‘राहू द्या, सांगते साहेबांना’ म्हणाली तरी शिक्का घेतल्याशिवाय हलू नका.

माझा दुसरा अर्ज, ज्याचा उपयोग झाला, साधारण असा होता:

*विषय: सि. स. नं. ____ येथील वाड्याच्या बोळाकडील धोकादायक भिंतीबाबत महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ नुसार कार्यवाही होणेबाबत.*

*महोदय, वरील मिळकतीच्या पूर्वेकडील सुमारे २० फूट लांब भिंतीला पोट आले असून दि. ____ रोजी पहाटे तिचा सुमारे ४ फुटांचा भाग बोळात कोसळला. उरलेली भिंत माझ्या घराला लागून असून माझ्या बाजूचा तडा दि. ____ ते दि. ____ या काळात दीड इंच वाढला आहे. या बोळातून शाळकरी मुलांची रोज ये-जा असते. वाड्यात सध्या तीन कुटुंबे राहतात. कृपया तातडीने स्थळपाहणी करावी, आवश्यक तेथे टेकू व कुंपण द्यावे आणि केलेली कार्यवाही मला लेखी कळवावी. सोबत ६ छायाचित्रे व मालमत्ता पत्रकाची प्रत.*

यात ‘वाडा पाडा’ असं कुठेही नाही, हे मुद्दाम बघा. पाडायचं की दुरुस्त करायचं, हे ठरवणं तुमचं काम नाही. तुम्ही पाडायची मागणी केलीत की तुम्ही बिल्डरच्या बाजूचे, असा समज पहिल्याच दिवशी होतो. आतले भाडेकरू तुमच्याशी बोलायचे थांबतात, आणि पुढे त्यांच्याशिवाय तुमचं काही चालणार नसतं. निनावी अर्जही करू नका. त्याचा पाठपुरावा करता येत नाही.

भिंत सरकताना दिसत असेल, माती झरत असेल, लाकूड कडकडत असेल तर अर्ज वगैरे नंतर. अग्निशमन दलाला १०१ किंवा ११२ वर फोन करा, बोळ बंद करा, माणसं बाहेर काढा. धोका तातडीचा असेल तर नोटीस देण्याआधीच कुंपण घालण्याचा, टेकू देण्याचा, धोक्याचा भाग उतरवण्याचा अधिकार कलम २६४ मध्ये आयुक्तांना आहे. तो खर्च मालकाकडून वसूल होतो.

५. पाहणीनंतर मिळणारा शेरा वाचायला शिका

पाहणीच्या वेळी घरी थांबा. तुमची बाजू, तुमचा तडा त्या माणसाने डोळ्यांनी बघायला हवा. त्यानंतर इमारतीला एक वर्ग मिळतो. राज्य शासनाच्या २०१५च्या परिपत्रकानुसार हे वर्ग चार आहेत. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, राहण्यास अयोग्य, तात्काळ रिकामी करून उतरवायची. सी-२ए म्हणजे रिकामी करून संरचनेची दुरुस्ती करायची. सी-२बी म्हणजे माणसं आत असतानाच संरचनेची दुरुस्ती होऊ शकते. सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. सी-१ आणि सी-२ए यांच्यात लोकांची फार गल्लत होते. घर दोन्हीत रिकामं करावं लागतं, पण सी-२एमध्ये ते उतरवत नाहीत, दुरुस्त करतात.

वर्ग कोणता मिळाला आणि नोटीस कोणत्या कलमाखाली निघाली, ते लेखी मागा. दुरुस्ती करा, टेकू द्या, पाडा ही नोटीस २६४ची. घर रिकामं करण्याचा आदेश २६८चा. आणखी एक कलम फार उपयोगाचं आहे आणि ते कुणी आपणहून सांगत नाही, ते म्हणजे २६५अ. तीस वर्षं पूर्ण झालेल्या इमारतीचं संरचनात्मक परीक्षण नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून करून त्याचं प्रमाणपत्र महापालिकेला देणं ही मालकाची किंवा भोगवटादाराची जबाबदारी आहे. ‘२६५अ चं प्रमाणपत्र दाखल आहे का’ एवढाच प्रश्न मी अर्जात घातला आणि त्यानंतर फाईल हलली.

आता सगळ्यात मोठा सापळा. नोटीस निघाली म्हणजे काम झालं, असं मानून आपण घरी बसतो. मीही दोन महिने बसले. दर पावसाळ्याआधी धोकादायक इमारतींच्या याद्या निघतात, भिंतींवर कागद चिकटतात, आणि पावसाने ते गळून पडतात. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडी बाजारातली हुसैनी इमारत पडून तीसहून अधिक माणसं गेली. ती इमारत कागदावर आधीच धोकादायक ठरलेली होती, कुटुंबं मात्र आतच होती. नोटिशीत मुदत किती दिवसांची आहे ते वहीत लिहा आणि मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी ‘मुदत संपली आहे, पुढील कार्यवाही कळवावी’ असं दोन ओळींचं स्मरणपत्र द्या.

६. आत माणसं राहत असतील तर

या भागात घाई करू नका. तुमची तक्रार बरोबर असूनही तिच्यातून कुणाचं तरी घर जाऊ शकतं.

आमच्या शेजारच्या वाड्यात पुढच्या चौकात एक काकू राहायच्या. दोन खण, लग्न होऊन आल्या तेव्हापासून. नोटीस लागली त्या संध्याकाळी त्यांनी मला दारात उभं राहून विचारलं, “तू अर्ज केलास ना? मग आता मी कुठे जाऊ?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते शोधायला मला पुढचे तीन महिने लागले आणि ते उत्तर तक्रार करण्याआधीच माझ्याजवळ असायला हवं होतं.

भाडेकरू जागा सोडत नाहीत, याला आडमुठेपणा म्हणणं सोपं आहे. त्यांना भीती असते ती एकच. एकदा बाहेर पडलो की हक्क गेला. त्यांना हे सांगा, शक्य असेल तर एखाद्या वकिलाकडून सांगवा: सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केलं आहे की महापालिकेने इमारत पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने धोकादायक इमारतींबाबत मार्गदर्शक सूचना दिल्या. इमारत उतरवण्याआधी प्रत्येक भाडेकरूच्या ताब्यातल्या जागेचं मोजमाप नोंदवायचं, हे त्यातलंच. हा मोजमापाचा कागद म्हणजे काकूंच्या दोन खणांचा उद्याचा पुरावा. तो हातात आल्याशिवाय कुणीही किल्ली देऊ नये. महापालिकेकडे लेखी अर्ज करून मोजमाप मागायचं, मोजताना हजर राहायचं, प्रत घ्यायची. सोबत भाडेपावत्या, वीजबिल, जुनं रेशनकार्ड, खोलीचे आतले-बाहेरचे फोटो एका पिशवीत आणि त्यांच्या प्रती दुसऱ्या घरी ठेवायच्या.

उलटंही घडतं. वाडा दुरुस्त होण्यासारखा असतो, पण भाडेकरू निघावेत म्हणून मालकाला सी-१ हवा असतो. मग वर्षानुवर्षं कौलं बदलायची नाहीत, पन्हळ फुटली तरी बघायचं नाही, आणि शेवटी आपल्याच इंजिनिअरचा अहवाल पुढे करायचा. अशा वेळी भाडेकरूंनी एकत्र येऊन स्वतंत्र स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्यावं. दोन अहवाल परस्परविरोधी असतील तर प्रकरण तांत्रिक सल्लागार समितीकडे जातं. भाडे नियंत्रण कायदा, १९९९च्या कलम १४ प्रमाणे घर राहण्याजोगं ठेवणं हे मालकाचं काम आहे. किमान पंधरा दिवसांची लेखी नोटीस देऊनही त्याने दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, मात्र वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. जुन्या वाड्यांची भाडी इतकी थोडी असतात की या रकमेत कौलंही येत नाहीत. तरी ती नोटीस द्यावीच. दुरुस्तीची मागणी कुणी केली आणि कुणी टाळली, हे पुढे त्याच कागदावरून दिसतं.

घर रिकामं करायला लावण्यासाठी मालकाने पाणी-वीज तोडली तर त्याच कायद्याच्या कलम २९ खाली दाद मागता येते.

वाडा वारसा (हेरिटेज) वास्तूंच्या यादीत आहे का, तेही आधीच तपासा. असेल तर त्याला हात लावण्यापूर्वी वारसा समितीचा टप्पा येतो आणि वेळेचं गणित बदलतं.

७. कुणी हललंच नाही तर

पहिली पायरी माहितीचा अधिकार. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांत बसवावा लागतो, त्यावर दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प. उत्तराची मुदत तीस दिवस. ‘कारवाई का केली नाही’ असं विचारू नका. माहिती अधिकारात नोंदी मिळतात, खुलासे मिळत नाहीत. असं मागा: ‘आवक क्र. ____ च्या अर्जावरील नस्तीतील (फाईलमधील) सर्व शेऱ्यांच्या प्रती, स्थळपाहणी अहवालाची प्रत, कलम २६४ च्या नोटिशीची व ती बजावल्याच्या पोचेची प्रत, कलम २६५अ खाली दाखल प्रमाणपत्राची प्रत.’ बजावल्याची पोच मागायला विसरू नका. आमच्या प्रकरणात नोटीस तयार होती, पण ती कुणाला दिलेलीच नव्हती. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील करा.

दुसरी पायरी लोकशाही दिन. महापालिका आयुक्तांकडे तो महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो, अर्ज विहित नमुन्यात पंधरा दिवस आधी द्यावा लागतो. तिथे तक्रार वैयक्तिक स्वरूपाची असावी लागते. ‘परिसरातील नागरिकांना धोका’ असं लिहिलंत तर अर्ज बाजूला पडतो. ‘माझ्या घराच्या सामायिक भिंतीला धोका’ असं लिहा. न्यायालयात चालू असलेली प्रकरणंही तिथे घेत नाहीत. सोबत शासनाच्या ‘आपले सरकार’ पोर्टलवर तक्रार नोंदवा.

तिसरी पायरी थोडी अनोळखी आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १३३ खाली, कोसळण्याच्या बेतात असलेली इमारत दुरुस्त करण्याचा, उतरवण्याचा किंवा तिला आधार देण्याचा आदेश कार्यकारी दंडाधिकारी देऊ शकतात. इथे आधी वकिलाशी बोला. उच्च न्यायालय त्याच्याही नंतर.

८. फाईलमध्ये काय हवं

दोन्ही मिळकतींची मालमत्ता पत्रकं, तुमची मिळकतकराची पावती आणि ओळखपत्र. तारीखवार फोटो, छापलेले. प्रत्येक अर्जाची शिक्का असलेली प्रत आणि ॲपवरचे टोकन क्रमांक. नोटिशीची प्रत. भाडेकरूंच्या मोजमापाची प्रत, त्यांनी दिली तर. आणि एक साधी वही. कोणत्या दिवशी कुणाला भेटले, काय म्हणाले, पुढची तारीख कोणती. अभियंत्यांच्या बदल्या होतात. आमच्याकडे अकरा महिन्यांत दोन झाल्या आणि नव्या माणसाला सगळं पहिल्यापासून सांगताना ती वहीच कामी आली.

९. वाडा उतरवताना आणि नंतर

भिंत सामायिक असेल तर उतरवण्याचं काम सुरू व्हायच्या आधी तुमच्या घराच्या त्या बाजूचे फोटो काढून एक पत्र द्या, की सामायिक भागात यंत्र न लावता हाताने काम करावं. जेसीबीचा एक धक्का तुमच्या तुळईपर्यंत पोचतो. राडारोडा कोण उचलणार आणि जागेला पत्र्याचं कुंपण कोण घालणार, हे त्याच पत्रात विचारा. नाहीतर महिन्याभरात तिथे गल्लीचा उकिरडा होतो आणि तुम्ही पुन्हा पहिल्या पायरीवर, या वेळी घनकचरा विभागात.

आमचा वाडा मेच्या दुसऱ्या आठवड्यात उतरला. काकू आता भाच्याकडे आहेत, मोजमापाचा कागद त्यांनी लॅमिनेट करून घेतला आहे. आमची शंभर वर्षं झाकलेली भिंत मात्र उघडी पडली. नुसत्या विटा आणि माती, गिलावा नाही, आणि पाऊस तीन आठवड्यांवर. गवंडी लगेच मिळाला नाही म्हणून आम्ही गच्चीच्या कठड्यापासून खालपर्यंत जाड ताडपत्री सोडली आणि बुडाशी विटा रचून पाणी बाहेर काढायला उतार केला. तुम्ही गवंड्याला आधीच सांगून ठेवा, वाडा रिकामा होण्याची तारीख ठरेल त्याच दिवशी.